नानांनी शेवट बदलला नाही

माझे वडील उपेक्षित वगैरे नव्हते. आडमुठे होते.

सकाळपासून सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. 'विस्मरणात गेलेले नाशिकचे पटकथाकार.' 'बिचाऱ्यांना दुसरी संधी मिळाली नाही.'

मिळाली होती. घरी चालत आली होती. त्यांनी तिला चहा पाजून वाटेला लावलं.

आज नानांची पुण्यतिथी. म्हणून एकदाचं सांगून टाकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नानांनी ब्लॅक अँड व्हाइटच्या काळात मराठी सिनेमे लिहिले. आईची नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, त्यामुळे आम्ही तिथल्या कॉलनीत. नाना मुंबईला जाऊन-येऊन.

सीन लिहून झाला की ते कुणाला वाचून दाखवायचे नाहीत. कॉलनीतल्या बायका मटार सोलत, मेथी निवडत बसलेल्या असायच्या. नाना तिथे जाऊन सीन सांगायचे. सगळी पात्रं स्वतः करून. सासूसकट.

बायकांचे हात थांबले की सीन पास.
हात चालू राहिले की कागद फाडायचा.

"तोंडावर कुणीही छान म्हणतं गं. हात खोटं बोलत नाहीत."

त्यांचा सगळ्यात गाजलेला सिनेमा असाच पास झाला. नवऱ्यानं घराबाहेर काढलेली बाई शिवणकाम करून स्वतःच्या पायावर उभी राहते. शेवटी नवरा न्यायला येतो. ती त्याला जेवू घालते, एसटी स्टँडवर सोडते, आणि परत येऊन मशीनवर बसते.

संपलं. एवढाच शेवट.

नव्वदच्या दशकात नानांचं काम थांबलं. आई रिटायर झाली, आम्ही गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये आलो. टीव्हीवर त्यांचा सिनेमा लागला आणि चॅनलने टायटल्स कापली की नाना थेट फोन फिरवायचे. "माझं नाव कुठाय?" पलीकडचा माणूस गांगरून सॉरी म्हणायचा.

नावाची हाव होती त्यांना. मी त्यांना संत करणार नाही. ती संधी घरी आली त्या दिवशी काय पणाला लागलं होतं ते कळावं, म्हणून सांगतेय.

मोबाईल नुकते हातात आले होते, तेव्हाची गोष्ट. मुंबईहून एक निर्माता आला, बरोबर तरुण दिग्दर्शक. त्याच सिनेमाचा रिमेक करायचा होता. पटकथा नानांचीच. पोस्टरवर नाव, तेही मोठ्या अक्षरात. नानांनी सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घातला होता.

फक्त शेवट बदलायचा होता. बाई नवऱ्याबरोबर परत जाते.

"फॅमिली ऑडियन्स आहे, नाना."

नाना म्हणाले, "चला, गच्चीवर जाऊ."

गच्चीवर सोसायटीच्या बायका पापड लाटत होत्या. नाना दिग्दर्शकाला म्हणाले, "तुझा शेवट सांग यांना. हात थांबले तर पास."

पोरगं हुशार होतं. फार छान सांगितलं त्यानं. उंबरठा, औक्षण, सासूचे भरलेले डोळे, सगळं.

आणि बायकांचे हात थांबले.

सगळ्यांचे. माझ्या आईचेसुद्धा.

निफाडकडच्या सुमनकाकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "लय भारी. नाना, असंच पाहिजे बघा. घर तुटत नाय."

निर्माता हसला. "नियम तुमचाच आहे, नाना."

नाना कठड्याला टेकले. मला वाटलं, आता हो म्हणतील.

"नियम बरोबर आहे," ते म्हणाले. "सीनही चांगला आहे. तरी नाही."

"अहो, पण का?"

मग त्यांनी जे सांगितलं, ते मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

"आक्का, माझी थोरली बहीण. नवऱ्यानं बाहेर काढली म्हणून माहेरी आली होती. वडील मला म्हणाले, जा, सासरी पोचवून ये तिला. मी कॉलेजात होतो. मनमाडला गाडी बदलायची होती. बाकावर बसली आणि म्हणाली, 'बाळ्या, परत घरी जाऊ या का रे?' मी म्हणालो, 'लोक काय म्हणतील?'"

"जन्मभर संवाद लिहिले. त्याच्याइतका वाईट एकही लिहिला नाही."

पुढच्या संक्रांतीला आक्का नव्हती. तिचं काय झालं, ते सासरच्यांनी कधी धड सांगितलं नाही.

"एकदा मी तिला परत पाठवलंय," नाना निर्मात्याला म्हणाले. "पडद्यावर तरी पाठवणार नाही. तुम्ही दुसरी गोष्ट शोधा."

लाट्या तिथेच उन्हात सुकून गेल्या. शेवटी आईच म्हणाली, "आता हे पीठ पुन्हा कुटावं लागेल."

निर्माता गेला. म्हातारा चळलाय, असं बरेच जण म्हणाले. त्यानंतर नानांचं नाव कुठल्याच पोस्टरवर आलं नाही.

वाईट वाटलं का त्यांना? वाटलं. खूप वाटलं. कित्येक दिवस सोमेश्वरला फिरायला जाताना माझ्याशी एक शब्द बोलायचे नाहीत. पण त्या माणसाला उलटून फोन केला नाही त्यांनी. मला त्यांच्या दुसऱ्या कशाचाच इतका अभिमान वाटत नाही, पुरस्कारांचाही नाही.

मध्यंतरी मला एका मुलीचा फोन आला. त्याच गोष्टीवर वेब सिरीज करायची आहे, शेवट जरा पॉझिटिव्ह हवा. हक्क आता माझ्याकडे आहेत.

"पॉझिटिव्ह म्हणजे?"

"म्हणजे मॅम, ते दोघं पुन्हा एकत्र येतात."

मी नाही म्हणाले. तिनं कारण विचारलं, तेव्हा सांगितलं नाही. वाचत असशील तर हे कारण आहे, बाळा. आणि पुन्हा विचारू नकोस.

नाना, निवांत राहा.

आक्काआत्या कुठेही जाणार नाही. कुणी न्यायला आलंच, तर दार उघडायला आणि चहा पाजून वाटेला लावायला मी आहे.