थंड खोलीतला कॉम्प्युटर

आमच्या कचेरीने कॉम्प्युटर निवडला तो अंगाला वारा कसा लागतो ते बघून. हे मी रागाने सांगते आहे, आणि ते खरंही आहे.

लग्नाआधी मी मुंबईत प्रोग्राम लिहीत असे. मग नागपूरला आले, मूल झालं आणि आठ वर्षं पोळ्या लाटल्या. ऐंशीच्या दशकात मूल शाळेत रमलं तेव्हा एका लहानशा सूतगिरणीच्या कचेरीत मला तात्पुरतं घेतलं. कामगारांचे पगार कॉम्प्युटरवर काढून दाखवले तर कायम करू, असं ठरलं. मला ती नोकरी फार हवी होती. 'आता तुझ्यानं काय होणार' हे ऐकून माझे कान किटले होते.

मशीन कोणतं घ्यावं, हे मला विचारलं. टेबलावर मावणारे पीसी तेव्हा नुकतेच आले होते. माझा हात मुंबईतल्या मोठ्या, एसी लागणाऱ्या मशीनवर बसलेला, तरी मी पीसीच सांगितला. नवं शिकून घेतलं असतं. गिरणीचं काम बेताचं, आणि तो पंख्याखालीही चालला असता.

तिथेच सगळं बिनसलं. मे महिन्यातल्या नागपुरात साहेबलोकांना पंखा सुचवायचा? पीसीवाल्याने सीताबर्डीतल्या माडीवर घाम पुसत मशीन दाखवलं. मोठ्या मशीनवाल्याने आम्हाला एसी हॉलमध्ये बसवलं, वर थंडगार पन्हं पाजलं. आमच्या मॅनेजरसाहेबांनी तिथे छान डुलकी काढली आणि बाहेर येऊन म्हणाले, "मशीन दमदार आहे, बाई."

मोठं मशीन आलं, त्याच्यासाठी एसीची खोली झाली. आठवडाभरात साहेबांची खुर्ची त्या खोलीत आली, मग अकाउंटंटची, मग जेवणाचे डबे, मग पानदान. चपला मात्र बाहेर काढायच्या, मशीनला धूळ चालत नाही म्हणून. सुपारीचा चुरा चालत असे. त्या गर्दीत कोपर अंगाशी धरून मी प्रोग्राम लिहिला आणि पहिला पगार बिनचूक काढला. शाबासकी जाऊ द्या, कोणी पान चघळायचंही थांबलं नाही.

मग ऐन उन्हात एसी बंद पडला. साहेबांनी घरी करतात तेच केलं. खिडकीत वाळ्याचा कूलर बसवला, पाण्याने निथळणारा, तोंड थेट मशीनकडे.

"साहेब, मशीनला ओल चालत नाही. कूलर काढा."

"माणसाले चालते, मशीनले काहून नाही चालत? आन् कूलर काढला तं आमी बसाचं कुठं?"

छपाईचा कागद सादळलेल्या पापडासारखा लोळू लागला. मग एका सकाळी मशीन सुरूच होईना. गिरणीचे मालक आले.

"बाई आठ वर्षं घरी होत्या जी," साहेब त्यांना म्हणाले. "विसरल्या सारं."

मी कूलरकडे बोट दाखवलं. मालक शर्टाचं वरचं बटण सोडून त्याच्यासमोरच उभे होते.

महिनाअखेरनंतर येऊ नका, असं मला सांगितलं. मशीनवाल्याने हात वर केले, तेव्हा मशीन व्हरांड्यात गोणपाटाखाली गेलं. एसी तेवढा तातडीने दुरुस्त झाला. शेवटच्या दिवशी मी माझा डबा घ्यायला त्या खोलीत गेले. सगळे आपापल्या खुर्चीत होते. निदान निरोपाचं 'या' तरी म्हणतील, असं मला वाटलं. डबा घेऊन मी उंबऱ्यात पोचले तेव्हा साहेबांनी मान वर केली.

"दार लावून घ्या बाई. थंडी हवा जाऊन राहिली."