मी फॉर्ममध्ये ‘हो’ लिहिलं

नरडाण्याच्या एमआयडीसीतली नोकरी सोडून मी मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं, तेव्हा कंपनीचा आरोग्य विमाही सुटला. दोन वर्षं आज-उद्या करत राहिलो. आज दुपारी विम्याचं काम करणारा माझा शाळेतला मित्र दुकानात येऊन मोबाइलवर फॉर्म भरायला बसला.

‘मधुमेह आहे का?’ असा प्रश्न आला. मला वर्षभरापासून गोळ्या चालू आहेत.

मित्र म्हणाला, "‘नाही’ लिहू. हो म्हटलं तर हप्ता वाढेल, कदाचित पॉलिसीच मिळणार नाही."

मी मान डोलावली. तेवढ्यात डबा घेऊन आलेली बायको म्हणाली, "तुम्हले साखर शे, मंग ‘नही’ कसाले लिखतस? उद्या दवाखानामा पडनात, तं कंपनीवाला हाऊच कागद दखाडतीन."

खोटं लिहिलं तर ऐन वेळी कंपनी पैसे नाकारेल, हे पटलं; मग मी ‘हो’ लिहायला लावलं. मित्र माझा साखरेचा रिपोर्ट घेऊन जरा नाराजच गेला.

तेव्हापासून मन लागत नाही. एका मोटरचं वाइंडिंग चुकलं, सगळं उकलावं लागलं. नकार आला, तर दुसरी कंपनीही विचारेल, आधी कुणी नाकारलं होतं का.

स्वतःचा धंदा असलेल्यांपैकी कुणी आजार सांगून विमा घेतलाय का? मिळाला का? खरं काय ते सांगा. बायकोला मी ‘नक्की मिळेल’ असं सांगून बसलोय.