मामाजींनी ब्रेक मारला

साखरपुड्याच्या दिवशी मी चुकीच्या माणसाच्या पाया पडलो. माणूस धिप्पाड होता, कपाळावर घाम होता, हातात झारा होता. निदान झाऱ्यावरून तरी मला कळायला हवं होतं की हा आचारी आहे. तो बिचारा लाजून मागे सरकला, आणि माझ्या पाठीत असा धपाटा बसला की मी पुन्हा त्याच्याच पायांवर जाऊन पडलो. "जवाईबापू, मामा इकडं हाय!" हा मामाजींचा मला मिळालेला पहिला आशीर्वाद. तीन दिवस दुखत होता.

मामाजी म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. राहायला भिलाईच्या सेक्टर दोनमध्ये, नोकरी पोलादाच्या कारखान्यात. "हानल्याबिगर वस्तू सुधरत नाही" हे त्यांचं तत्त्व. टीव्ही अडला की थप्पड, कूलर अडला की लाथ. सुपेल्याच्या बाजारात एका भाजीवाल्यानं पिशवीत सडके टमाटे घातले, तर यांनी ते एकेक करून त्याच्याच तराजूवर फोडले. लाल रस त्याच्या बनियनवरून ओघळत होता. मग त्याच्याकडूनच किलोभर ताजे घेतले, निघताना त्याच्याही पाठीत एक धपाटा घातला, आणि पुढची वीस वर्षं त्याच्याकडेच गेले.

असा माणूस कारखान्यात मात्र गाईसारखा. ते क्रेन चालवत. वर छताशी केबिन, खाली साखळीला उकळत्या पोलादाचा हंडा, आणि जमिनीवर हाताच्या खुणा करणारा सिग्नलवाला. "चालव मनणारा एकच असते," मामाजी सांगत. "त्याच्याबिगर कोनाचं आयकाचं नाही, साहेबाचंबी नाही. पन थांब कोनीबी मनू शकते. झाडूवाल्यानं दोन्ही हात आडवे केले, तरी थांबाचं. कावून थांबवलं, ते मंग विचाराचं." चौतीस वर्षांत त्यांनी एकही 'थांब' मोडला नव्हता.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मामी गेल्या. पुण्याचा मुलगा आला, वडिलांची गाडी विकून टाकली आणि म्हणाला, "बाबा, अब आपसे नहीं होगा. माझ्याकडे चला." मामाजींनी टेबलावर मूठ आपटली, तीन कप फुटले. शेवटी, होतं की नाही ते गाडी चालवूनच दाखवायचं, अशी बापलेकात पैज ठरली. कुम्हारीच्या पुढे मुरमाच्या जुन्या खदानीवर हौशी लोकांच्या गाड्यांच्या शर्यती व्हायच्या होत्या, तीन रविवार, तीन फेऱ्या. एकूण गुणांत पहिल्या तिघांत आले, तर मामाजी मरेपर्यंत भिलाईत. नाही आले, तर पुणे.

गाडी नव्हती, म्हणून ते माझ्याकडे आले. माझ्याकडेही नव्हती, बायकोची होती. ती शिकवते त्या शाळेला उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या, गाडी उभीच होती. "बेबीले सांगू नका," मामाजी माझ्या बायकोबद्दल म्हणाले आणि माझा खांदा असा दाबला की मी 'हो' म्हणून बसलो. सर्व्हिसिंगला नेतो म्हणून मी तिची लाल गाडी घेऊन निघालो. शर्यतीत शेजारी एक माणूस बसवणं सक्तीचं होतं. तो माणूस कोण, हे मला खदानीवर पोचल्यावर कळलं.

पहिल्या रविवारी जे झालं त्याला शर्यत म्हणायला माझं मन अजून धजत नाही. लाल धूळ, आणि त्या धुळीतून पत्र्यावर पत्रा आदळल्याचे आवाज. एक गाडी उलटी होऊन छपरावर घसरत गेली, तिची चाकं हवेत फिरत होती. रायपूरच्या एका पोरानं आम्हाला कडेला दाबलं, तर मामाजी "तुले दाखवतो!" म्हणून त्याच्या दारावर गाडी घालत राहिले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा त्याचं दारच निखळून पडलं. आमचा आरसा उडाला. जिभेवर दात बसून माझं तोंड रक्तानं भरलं. मामाजी हसत होते. "मजा आली ना, जवाईबापू?" मी मान डोलावली, कारण बोलता येत नव्हतं. घरी सांगितलं, सुपेला चौकात सांडानं धडक दिली. दुसऱ्या रविवारी पुढचा बंपर गेला. पुन्हा सांड. बायको म्हणाली, "त्या सांडाचं तुमच्याशी काय वैर हाय?"

तिसऱ्या रविवारी मामाजी गुणांत चौथे होते. समोरच्या पांढऱ्या गाडीला मागे टाकलं की तिसरे. बस्स, तेवढंच. शेवटचा फेरा, शेवटचं वळण. उजवीकडे पांढरी गाडी, डावीकडे खोल खदान, आणि मधली जागा मला वीतभर दिसली. डावीकडे मी बसलेला. मामाजींनी "जय भीम!" म्हणून पाय दाबला, गाडी त्या फटीत घुसली, माझ्या खिडकीखालून दगड खाली घरंगळताना ऐकू आले.

मी दोन्ही हात आडवे केले.

चुकून नाही. घाबरून हात वर गेले, असंही नाही. हा माणूस कशाने थांबेल ते मला माहीत होतं, आणि मी तेच केलं. उजवा हात त्यांच्या छातीवर आदळला. मामाजींनी ब्रेक मारला. पांढरी गाडी निघून गेली, आणि मागून येणारी आमच्यावर चढली. काच, पत्रा, किंकाळी. किंकाळी माझी. मामाजींचं मनगट स्टीअरिंगवर मोडलं, हाड कातडीतून वर आलेलं मी पाहिलं.

आता मला मार बसणार, याची खात्री होती. खरं तर बसावा असंच वाटत होतं. मामाजींनी खदानीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लागलं का तुमाले?" एवढंच विचारलं. हातही उचलला नाही.

दवाखान्यात मुलगा आला, बायको आली. मुलानं विचारलं, "बाबा, बीच में रुके क्यों?" मी भिंतीकडे पाहत होतो. मामाजी म्हणाले, "भेव वाटलं बा मले. नाही होत आता." त्यांच्या तोंडून 'भेव' हा शब्द कोणी कधी ऐकला नव्हता. मुलानं त्याच संध्याकाळी तिकीट काढलं. गाडीबद्दल बायको मला जे बोलली, ते सगळं मी खुशाल ऐकून घेतलं. निदान ते तरी माझ्या नावावर होतं.

पुढच्या आठवड्यात मी एकटाच खदानीवर गेलो. ती जागा पावलांनी मोजली. गाडीच काय, ट्रक निघाला असता.

दुर्ग स्टेशनवर मामाजी प्लास्टरमधला हात सांभाळत खिडकीशी बसले. गाडी हलली तेव्हा मी पाठ त्यांच्याकडे करून उभा राहिलो, एक धपाटा मिळेल या आशेनं. नाही मिळाला.

पुण्याहून दर रविवारी फोन यायचा. भाचीशी बोलून झालं की म्हणायचे, "जवाईबापूले दे." मी हातानंच बायकोला खुणवायचो, आंघोळीला गेले म्हणून सांग. भर दुपारी चार वाजता मी आंघोळ करत असे. दोन वर्षं अशीच गेली. मग एका गुरुवारी त्यांच्या मुलाचा फोन आला, बाबा गेले.

त्या दिवशी मी बायकोला सगळं सांगितलं. आडवे केलेले हात, ट्रक जाईल एवढी जागा, दवाखान्यातलं ते 'भेव'. तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "हे मले कावून सांगून राहिले? मामाचा फोन दोन वर्षं चालू होता."