नांगर मागितला, नांगरच मिळाला

“अलिबागला राहून बोटीचा नांगर बघायला हिंगोलीला?” बायकोने विचारलं. तिचं म्हणणं रास्त होतं. पण मी बोटींचं जुनं सामान विकतो, आणि माझा ब्लॉग वाचून तिथल्या एका सूनबाईने फोटो पाठवला होता. सोमवारी भंगारवाला तो न्यायला यायचा होता, म्हणून शुक्रवारीच निघालो.

नांदेडपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. वसमतला गाडी बदलताना चहा घ्या, हळदीचा वास फुकट मिळतो. शिरड शहापूरच्या गाडीत सुट्टे पैसे ठेवा. कंडक्टरने विचारलं, “काहून आलात?”

“नांगर बघायला.”

“तुमच्याकडं न्हाईत व्हय?”

तांड्यावर सूनबाईंचे सासरे धनसिंगकाका वाट बघत होते. आधी भाकरी, पिठलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. मग गोठ्यामागे नेलं. हाताने ठोकून घडवलेला दांडा, झिजलेली कडी, आडवी काठी घालायचं भोक, दोन बाजूंना दोन फाळ. अस्सल मचव्याचा नांगर! मी त्याच्याभोवती दोनदा फिरलो, म्हैस बघतात तसा.

काका म्हणाले, “आमचे आजे बैलावर मीठ आणाया दर्याकडं जायचे. तिथं नांगर मागितला, तर ह्यो दिला. दोन फाळ बघून खुश झाले. शेतात जुपला, तर चार बैल जागचे हलले न्हाईत. तवापासून तांडा आमाला फसलेल्याचे नातू म्हणून राहिला. म्हणून लेक म्हणतो, भंगारात घाला.”

“काका, रुतून बसणं हेच याचं काम. चार बैलांना हलला नाही म्हणजे आजोबांना पहिल्या नंबरचा माल मिळाला.”

“मंग फसवलं न्हाई?”

“अजिबात नाही.”

भंगाराच्या तिप्पट किंमत मी कागदावर लिहून दिली. काकांनी घडी करून टोपीत ठेवली. विकण्याचं नाव नाही. मला जरा वाईट वाटलं, माझं भाडंही सुटलं नव्हतं.

घरी पोचतो तोच काकांचा फोन. “साहेब, कागद दुसरा द्या. आकडा नगं. निस्तं लिवा, फसवलं नव्हतं. अन् शिक्का मारा, त्याबिगर तांडा मानत न्हाई.”

माझ्याकडे कसला शिक्का? शेवटी बायकोच्या शिवणक्लासचा मारून पाठवला. काकांनी तो कागद फ्रेम करून दारावर लावलाय, आणि सोमवारी रिकाम्या हाताने परत पाठवलेला भंगारवाला पुन्हा आला, तेव्हा त्याला आधी तोच वाचायला लावला म्हणे.