नाजिफेने धुतलेला मणका

नाजिफेच्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. बावीस वर्षं ती उत्खननाच्या छावणीत मेलेल्या माणसांची हाडं धूत होती, आणि घरी गेली की तेच हात शेंगा मोडत, गालिचे झटकत, नाहीतर नवऱ्याचे सुजलेले गुडघे चोळत. छावणीत सगळे तिला नाजिफे अब्ला म्हणत, म्हणजे ताई. प्रोफेसर आले आणि गेले, पण अंजिराच्या झाडाखालची तिची बादली काही हलली नाही. कवटी कुठे धरावी नि कुठे धरू नये हे शिकायला मोठमोठ्या विद्यापीठांतली पोरं तिच्यासमोर उकिडवी बसत.

या आठवड्यात मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दोनदा पाणी सांडलं. एकाच्या पायाची बोटं दुसऱ्याच्या पेटीत घालायला निघाली होती ती. आणि हे सगळं अकरा नंबरच्या माणसामुळे.

गावाबाहेरच्या त्या शेतात रोमन काळातले ग्लॅडिएटर पुरलेले होते. खोदकाम नऊ वर्षांपूर्वीच झालं, हाडं धुऊन पेट्यांत गेली आणि पेट्या गोदामात. या उन्हाळ्यात अंकाराहून हाडांच्या तज्ज्ञ डॉक्टर सेल्मिन आल्या, त्यांनी त्या उघडल्या. सोमवारी त्यांनी अकरा नंबर टेबलावर मांडला आणि सगळ्यांना बोलावलं.

"हे बघा, डोक्यावर दोन घाव, दोन्ही भरून आलेले. हात मोडलाय, तोही जुळलाय. गुडघे झिजलेत, दात गेलेत, म्हणजे पन्नाशीचा तरी असणार. या धंद्यात पन्नाशी म्हणजे नवलच!" मग त्यांनी मानेचा एक मणका उचलला. "पण ही चीर बघा. ही भरलेली नाही. म्हणजे मरतानाची. म्हातारा हरला, गुडघ्यांवर बसला, लोक ओरडले, आणि समोरच्याने तलवार मानेत घातली. शुक्रवारी म्युझियममध्ये फलक लागतोय, त्यावर हेच जाणार."

शितावरून भाताची परीक्षा हा या लोकांचा धंदाच, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ती बरोबर निघते. पण हे शीत नाजिफेच्या हातचं होतं.

नऊ वर्षांपूर्वी तो धुवायला आला तेव्हा त्या मणक्यावर चुन्याचं कवच घट्ट बसलं होतं. नियम असा, की ओला ब्रश आणि बांबूची काडी, लोखंड अजिबात नाही. दिवसभर घासूनही ते निघेना, तेव्हा तिने जेवणातली काकडी सोलायची सुरी उचलली. सुरी सटकली. तपकिरी हाडावर पांढरीशुभ्र चीर उमटली. आदल्याच आठवड्यात एक दात हरवला म्हणून तेव्हाच्या प्रमुखांनी एका मुलीला कामावरून काढलं होतं. नाजिफेचं तोंडचं पाणी पळालं. किटलीच्या तळाचा काळाकुट्ट चहा तिने कापसाने त्या चिरेत मुरवला, तीन-तीन वेळा, हाड आणि चीर एकरंग होईपर्यंत. मग मणका पेटीत, पेटी गोदामात. कोण बघतंय!

बुधवारी जेवताना बेकिरने विषय काढला. तिचा नवरा बेकिर तरुणपणी अंगाला तेल लावून कुस्त्या खेळायचा. आता कॉफीहाउसच्या खुर्चीपर्यंत जातानाही पायांना शिव्या घालायचा.

"कॉफीहाउसात तुमच्या त्या म्हाताऱ्याचीच चर्चा. म्हणे आखाड्यातच कापला त्याला."

"म्हणेनात का. तू भात खा."

"नाही गं, वाईट वाटतं. डोकं फुटलं, हात मोडला, तरी गडी उठला. आणि शेवटी गुडघ्यांवर बसून मान पुढे केली? माझ्याबद्दल कुणी असं लिहिलं तर कबरीतून उठून त्याची गचांडी धरीन. हरलो असेन छप्पन वेळा, पण दर वेळी चालत घरी आलोय मी."

"चालत कुठे? लंगडत यायचास."

"लंगडत म्हण. पण आलो ना?"

नाजिफेने पुढ्यातली ताटली सरकवली. नऊ वर्षं तिला वाटत होतं की आपण एक हाड खराब केलं. आता तिला कळलं की आपण एक माणूस मारला, आणि शुक्रवारी ते भिंतीवर लागणार. भांडी न घासताच ती छावणीकडे निघाली. बेकिर मागून ओरडत राहिला, "अगं, चप्पल तरी धड घाल!"

सेल्मिन भिंगाखाली काहीतरी बघत होत्या. छावणीत सगळे त्यांना होजा म्हणत, म्हणजे बाई. नाजिफेने दारातूनच सांगून टाकलं, बसली असती तर पुन्हा धीर झाला नसता.

"होजा, ती चीर माझी आहे. सुरीने पडली. वरून चहा लावला मी."

सेल्मिन आधी हसल्या. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबल्या. मणका घेऊन त्यांनी सुईने चिरेची कड हलकेच खरवडली. पातळ तपकिरी थराखाली पांढरं दिसलं.

"अब्ला, बावीस वर्षांत आणखी किती हाडांना असं केलंस?"

"एकालाच. आईशप्पथ."

"आणि मी ते कशावरून मानू? या गोदामात तुझा हात लागला नाही असं एक हाड दाखव मला!" त्यांचा आवाज चिरकला. "आता प्रत्येक घावापुढे मला प्रश्नचिन्ह घालावं लागणार. प्रत्येक."

नोकरी जाईल एवढाच नाजिफेचा हिशेब होता. आपलं बावीस वर्षांचं सगळं काम संशयाखाली येईल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"उद्यापासून हाडांना हात लावायचा नाहीस," सेल्मिन म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, रागाने की कशाने कोण जाणे. त्यांनी फलकाचा कागद ओढला, शेवटच्या तीन ओळींवर काट मारली आणि पेन तसंच धरून बसल्या. "आता काय लिहू? मेला कशाने हा?"

"मला काय कळतं, होजा!"

"मलाही कळत नाही." त्यांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "मृत्यूचं कारण माहीत नाही."

नाजिफे दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला रडू फुटलं.

"म्हणजे घरीसुद्धा मेला असेल?"

"असेलही," सेल्मिन म्हणाल्या.