एनिडबाईंची तबेल्यातली फरशी

हे एनिड प्रॉसर स्वतःच सांगते, आणि सांगताना हसून हसून तिला ठसका लागतो. लग्न होऊन ती हॅदरली इस्टेटीवर आली. नवरा तिथे घोड्यांकडे कामाला. मालकीणबाईंना भेटायचं म्हणून ही नवी टोपी घालून निघाली. समोर ही उंच कमान, वर मनोरा, मनोऱ्यावर घड्याळ! एवढा थाट म्हणजे बंगलाच, असं समजून बयेनं दार ठोठावलं. दाराचा वरचा अर्धा भाग उघडा होता. त्यातून एका घोडीनं मान काढली आणि टोपीवरची फुलं मटकावली. खरा बंगला मागे होता, आणि तबेल्यापुढे अगदीच सुमार, असं एनिड अजून म्हणते.

चाळीस वर्षांत घोडे गेले, नवराही गेला. एनिड मात्र रोज तबेला झाडत राहिली. खाली निळसर विटा, घोड्याचा पाय घसरू नये म्हणून त्यांना चर पाडलेले, आणि सगळी जमीन मधल्या नालीकडे जराशी उतरती. त्या फरशीवर तिचा भारी जीव.

आता तिथे चहाचं दुकान निघणार होतं. शहरातून आलेले व्हेलसाहेब, इमारतींचे नकाशे काढणारे, मालकीणबाईंना म्हणाले, “काँक्रीट टाकून सपाट करू. नाहीतर टेबलं डुगडुगतील.”

एनिड तिथेच झाडत होती. पण तोंड थोडंच बंद राहणार!

“साहेब, टेबल डुगडुगतं ते चौथ्या पायामुळे.”

“बाई, मी सात वर्षं हेच शिकलोय.”

“शिकलात हो. पण गाईची धार नाही काढलीत कधी!”

तरातरा माळ्यावर जाऊन तिनं धार काढायचं जुनं तीन पायांचं स्टूल आणलं, नालीच्या काठाशी ठेवलं आणि त्यावर काठोकाठ भरलेला चहाचा कप. साहेबांनी बोटानं इकडून ढोसलं, तिकडून ढोसलं. स्टूल ढिम्म! शेजारी त्यांचीच चार पायांची खुर्ची नुसती टक-टक करत होती.

मालकीणबाई हसू दाबत म्हणाल्या, “काँक्रीट राहू द्या, व्हेल. सुताराला तीन पायांची टेबलं सांगा.”

एनिडनं पदर नव्हता म्हणून एप्रनलाच डोळे पुसले.

साहेब मात्र वाकून कपाकडे बघत होते. “तरी जरा तिरका दिसतोय.”

“असेल तिरका. सांडला का?”

“...नाही.”

“मग प्या मुकाट्यानं. निवतोय.”