मोजलेली नाकं

नाकावरून वंश ओळखता येतो, असं मानून इंग्रजी अमलात साहेबांनी इथल्या माणसांची नाकं मोजली. त्या जुन्या नोंदींवर मी प्रबंध लिहीत होते. एकदा भटक्यांच्या पालावरच्या गिरिजामावशींना सोबत घेऊन अभिलेखागारात गेले. त्यांच्या पणजीचंही नाक साहेबानं मोजलं होतं, असं त्यांच्या घरात सांगत आले होते.

पानावर त्यांच्या, इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातीच्या बारा बायकांचे फोटो होते. प्रत्येकीखाली क्रमांक, नाकाची रुंदी आणि कातडीचा रंग लिहिला होता.

मावशी बराच वेळ एकेक चेहरा पाहत राहिल्या. "यातली माझी पणजी कोणची, बाई?"

"नावं लिहिलेली नाहीत, मावशी."

"नाक मोजलं, तर खाली तोंड होतंच की. विचारायचं होतं."

ते शास्त्र खोटं ठरून किती काळ लोटला, तरी गावात चोरी झाली की पोलीस अजून आधी मावशींच्याच पालावर येतात.

निघताना मावशींनी बाराही जणींना हात जोडले. मी घरी येऊन प्रबंधातला तक्ता पूर्ण केला. त्यातही त्या क्रमांकानंच आहेत.